कांद्यातले तण, मातीतली शिल्लक

भाजीपाल्यात तणाचा मार कांद्यावर फार बसतो, आणि त्याचे कारण कांद्याच्या ठेवणीतच आहे. पात नळीसारखी उभी, मुळे उथळ. वाफ्यावर सावली अशी पडतच नाही. माठ, घोळ, केना यांना ऊन, पाणी, खत सगळे आयते मिळते. म्हणून पुनर्लागवडीनंतरचे पहिले दीड-दोन महिने खुरपणी चुकवायची नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पुढे मात्र हात सैल पडतो. कांदा पोसायला लागला, आता उगवलेल्या तणाने उतारा फारसा घटत नाही, मग मजुरी कशाला घाला? ‘तण खाई धन’ ही म्हणही चालू हंगामापुरतीच मोजली जाते. माझ्या मते घोटाळा इथेच आहे. वाफ्यात उशिरा राहिलेले माठाचे एक जोमदार झाड हजारो बिया टाकते, आणि त्या सगळ्या पुढच्या वर्षी उगवत नाहीत; बऱ्याचशा मातीत जिवंत पडून राहतात. विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1879 मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये बियांच्या 20 बाटल्या पुरल्या. 2021 मध्ये उकरलेल्या बाटलीतल्या काही बिया 141 वर्षांनीही रुजल्या. इतक्या चिवट बिया अपवादानेच सापडतात. बहुतेक तणांच्या बिया काही वर्षांत मरतात किंवा उगवून संपतात, आणि म्हणूनच नवी भर थांबवली तर जमिनीतली शिल्लक खरोखर उतरते.

तणनाशक असताना एवढी उठाठेव कशाला, असे कुणी विचारील. पेंडीमेथॅलिन किंवा ऑक्सिफ्लोरफेनने सुरुवातीची उगवण दबते, हे खरेच; मजूर मिळत नसताना त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण त्याचा अंमल काही आठवड्यांचा, आणि एकाच औषधावर वर्षानुवर्षे विसंबले की काय होते ते हरियाणा-पंजाबच्या गव्हाने 1990 च्या दशकात पाहिले: गुल्लीडंडा हे तण आयसोप्रोट्युरॉनला दाद देईनासे झाले. त्यापेक्षा लागवडीआधी रान ओलवून तण मुद्दाम उगवू द्यावे आणि कुळवाची हलकी पाळी घालून मोडावे. पाळी खोल गेली तर खालचे बी वर येते, आणि केलेले सगळे वाया जाते.

लव्हाळ्याला बियांची भर थांबवण्याचा हा नियम लागू नाही, हा आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. तो बियांवर नव्हे, जमिनीतल्या गाठींवर जगतो. वरून खुरपला तर पुन्हा फुटतो, प्लॅस्टिकचे आच्छादन टोकाने भोसकून वर येतो, आणि रोटाव्हेटर त्याच्या गाठींची माळ तोडून रानभर पसरवतो. त्याला उन्हाळी नांगरटच हवी. गाठी वर येऊन उन्हात सुकल्या पाहिजेत.

राहिला मजुरीचा प्रश्न. शेवटच्या टप्प्यात पूर्ण खुरपणी नकोच. फुलोऱ्यावर आलेली झाडे तेवढी वाफ्यातून फिरून उपटावीत, आणि बी धरलेली असतील तर बांधावर न टाकता रानाबाहेर न्यावीत. शेणखतही नीट कुजलेले हवे, कारण जनावराच्या पोटातून जिवंत सुटलेले तणाचे बी खड्ड्यातल्या उष्णतेनेच मरते.