जळालेल्या शिरगणतीचे अवशेष

परदेशीं गेलेल्या आयरिश कुटुंबांचे वंशज पूर्वजांचा शोध घेऊं लागले, म्हणजे शिरगणतीच्या कागदांपाशीं त्यांची वाट बहुधा अडते. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडून जो महादुष्काळ झाला, त्यांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं व त्याहून अधिक देश सोडून गेलीं. त्यापूर्वींचें घर पाहावयाचें, तर १८४१ सालची शिरगणती हवी. आणि नेमकी तीच नष्ट झालेली आहे.

आयर्लंडमध्यें १८२१ पासून १९११ पर्यंत दर दहा वर्षांनीं शिरगणती झाली. पैकीं १८६१ व १८७१ सालचे कागद सरकारी हुकमानेंच नष्ट झाले. १८८१ व १८९१ सालच्या कागदांचा पहिल्या महायुद्धाच्या काळांत लगदा झाला. पहिल्या चार शिरगणत्या डब्लिनच्या फोर कोर्ट्स आवारांतील दप्तरखान्यांत होत्या. ३० जून १९२२ रोजीं यादवी युद्धांत तो पेटला आणि कांहीं तुटक भाग वगळतां सारें भस्मसात् झालें.

या दहांपैकीं संपूर्ण उरल्या त्या १९०१ व १९११ या दोनच. त्या आतां संगणकावर विनामूल्य पाहतां येतात. त्यांतील धर्माच्या रकान्यावरून कोणत्या चर्चच्या वह्या धुंडाळावयाच्या तें कळतें. १९११ सालीं विवाहितेला आणखी विचारलें होतें: विवाहास वर्षें किती झालीं, जिवंत जन्मलेलीं मुलें किती व त्यांपैकीं हयात किती? समजा, सात जन्मलीं, पांच हयात आणि घरांत तीनच. तर दोन निवर्तलीं व दोन त्या रात्रीं अन्यत्र होतीं, इतकें निश्चित होतें.

वयाच्या रकान्यावर मात्र सर्वस्वीं विसंबूं नये. या दहा वर्षांत पुष्कळ माणसें बारा-पंधरा वर्षांनीं म्हातारीं झालेलीं दिसतात! १९०८ च्या कायद्यानें सत्तरी गांठलेल्या गरिबांस जानेवारी १९०९ पासून आठवड्याला जास्तीत जास्त पांच शिलिंग पेन्शन मिळूं लागलें, हें त्याचें एक मोठें कारण होय. पण सर्व जन्मांची सरकारी नोंद तेथें १८६४ पासूनची. वृद्धांपाशीं जन्माचा दाखला कोठून असणार? म्हणून १८४१ किंवा १८५१ च्या शिरगणतींत त्यांचें नांव शोधावें लागे. अर्जदार आईबापांचीं नांवें व गांव लिहून देई आणि दप्तरखान्यांतील कारकून शोधाचें फळ त्याच कागदावर नोंदवी.

मूळ दप्तर जळालें. परंतु शोधाचे हे कागद हजारोंच्या संख्येनें शिल्लक राहिले. आज शोधकानें १९११ पासून मागें जावें, १८४७ ते १८६४ या काळांतील ग्रिफिथच्या जमीन-आकारणींत कुळाचें नांव पाहावें, आणि शेवटीं हे अर्ज चाळावे. दुष्काळापूर्वींच्या एखाद्या झोंपडींतील आईबाप आणि लेंकरें तेथें अजून सांपडतात. दप्तरखान्याच्या दगडी भिंतींना जें राखतां आलें नाहीं, त्यांतलें थोडें तरी गरीब म्हाताऱ्यांच्या पांच शिलिंगांच्या गरजेनें राखलें.