साहिबदीनचे एक पान

मेवाडचे महाराणा जगतसिंह (पहिले) यांनी सतराव्या शतकाच्या मध्यावर वाल्मीकिरामायणाची सातही कांडे सचित्र लिहवून घेण्याचे काम उदयपुरात हाती घेतले आणि 1649 ते 1653 या काळात चारशेहून अधिक चित्रांची एक प्रचंड पोथी तयार झाली. 1652 मध्ये महाराणांचे निधन झाले, तरी त्यांचे पुत्र राजसिंह यांच्या कारकिर्दीत काम पुढे चालून पुरे झाले. संस्कृत संहिता महात्मा हीरानंद या जैन लेखकाने देवनागरीत उतरवली. चित्रे एकाहून अधिक चित्रकारांची आहेत. त्यांपैकी मनोहरने बालकांड चितारले, तर अयोध्याकांड आणि युद्धकांड साहिबदीनने. साहिबदीन मुसलमान होता, आणि रामकथेचे जितके सूक्ष्म वाचन त्याच्या पानांत दिसते तितके फार थोड्या चित्रकारांकडे आढळते.

रामायणाकडे वळण्यापूर्वी त्याचा हात शृंगाराच्या ग्रंथांवर बसलेला होता. 1628 ची रागमाला, म्हणजे रागरागिण्यांना नायकनायिकांच्या रूपात दाखवणारी चित्रमालिका, आणि त्यानंतरचे गीतगोविंद ही त्याची आरंभीची कामे आहेत. त्याने 1648 साली चितारलेली भागवतपुराणाची पोथी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आहे. रागमालेत एका पानावर एकच भावस्थिती रंगवायची असते. रामायणाच्या पानावर मात्र सबंध सर्ग, म्हणजे वाल्मीकीचा एक अध्याय, मावावा लागतो. ही अडचण त्याने कशी सोडवली हे समजण्यासाठी अशा पानाची घडण पाहावी लागते.

पान आडवे असते, सुमारे 23 सेंमी उंच आणि 39 सेंमी रुंद. ताडपत्राच्या पोथीचा आडवेपणा कागदावर आल्यानंतरही सुटला नाही, हे त्याचे कारण. एका बाजूस चित्र आणि दुसऱ्या बाजूस मजकूर अशी मांडणी असल्यामुळे वाचणारा श्लोक आणि चित्र आळीपाळीने पाहतो. लघुचित्रासाठी हातकागदाचे थर खळीने एकमेकांवर चिकटवून जो जाड कागद करतात त्याला वासली म्हणतात. ती वाळली की अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटून तिची खर मोडतात, नाहीतर बारीक कुंचल्याची रेघ कागदात फुटते. त्यावर गेरूने किंवा काजळाच्या फिकट शाईने खाका, म्हणजे पहिला रेखाटा, काढतात. त्यावर सफेद्याचा पातळ हात देऊन खालून पुसट दिसणाऱ्या रेषांवरून पक्की रेषा ओढतात. जुन्या चित्रांत जिथे रंगाचा पापुद्रा उडाला आहे, तिथे हा पहिला रेखाटा उघडा पडतो आणि कधी एखादा हात आधी वर उचललेला होता, कधी एखादी आकृती चार बोटे अलीकडे उभी होती, असे कळते. रंग भरणे कौशल्याचे काम खरेच, पण कथेचा निर्णय खाक्यातच झालेला असतो.

युद्धकांडातील नागपाशाचे पान या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. वाल्मीकीच्या कथेत इंद्रजित अदृश्य राहून सर्परूप बाणांनी रामलक्ष्मणांना जखडतो; रावण ही वार्ता ऐकून हर्षतो आणि पुष्पक विमानातून सीतेला रणभूमीवर नेऊन ते दोघे पडलेले दाखवण्याची आज्ञा देतो; सीता विलाप करते, आणि पुष्पक विधवेला वाहत नाही, त्या अर्थी राम जिवंत आहे, असे सांगून त्रिजटा तिला धीर देते. साहिबदीन यातला एकच क्षण निवडून बाकीचे सोडून देत नाही. सोनेरी लंका, वानरांनी भरलेले रणांगण आणि वरचे आकाश ही स्थळे तो एकदाच रंगवतो आणि माणसांना मात्र त्या स्थळांमधून हिंडवतो, त्यामुळे एकच व्यक्ती एका पानात अनेकदा भेटते. एकाच चौकटीत क्रमाने घडलेल्या घटना दाखवण्याच्या या रीतीला कलेतिहासात एकत्रित कथन म्हणतात. ही रीत साहिबदीनपेक्षा पुष्कळ जुनी आहे, सांची आणि भारहुतच्या शिल्पांतही ती आढळते. तथापि त्याच्या पानावर ती केवळ सोय राहत नाही. खालचे जखडलेले भाऊ आणि वरच्या विमानातील सीता एकाच नजरेत आल्यामुळे, श्लोकांत जे एकामागून एक कानावर पडते ते डोळ्यांना एकदम भिडते, आणि सीतेच्या दुःखाचे कारण शोधायला पान उलटावे लागत नाही. चित्र हे मजकुराचे अलंकरण असते ही समजूत या एका पानापुढे टिकत नाही.

खाका ठरल्यावर रंग चढतात. लालासाठी हिंगूळ, पिवळ्यासाठी हरताळ किंवा पेवडी, निळ्यासाठी नीळ, काळ्यासाठी काजळ. बंधक म्हणून बाभळीचा डिंक, आणि डिंक किती घालायचा हे हाताला ठाऊक असावे लागते, कारण कमी पडला तर रंग बोटाला लागतो आणि जास्त झाला तर तडकतो. रंगाच्या दोन हातांच्या मध्ये चित्र पालथे घालून पाठीमागून घोटतात, त्याने रंग कागदात बसतो व त्याला आतून आल्यासारखी झळाळी येते. तांब्यापासून केलेला जंगाल हा हिरवा रंग मात्र घातकी आहे. कालांतराने तो खालचा कागद करपवतो आणि पान नेमके हिरव्या जागीच तुटते. खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने डोळे, बाह्यरेषा आणि दागिने सर्वांत शेवटी येतात. मोत्यांसाठी घट्ट पांढऱ्या रंगाचे थेंब असे ठेवतात की ते पृष्ठभागावर उठून राहावेत.

ही पोथी आज एका जागी नाही. महाराणा भीमसिंहांनी तिची काही कांडे कर्नल जेम्स टॉड यांना भेट दिली. टॉड यांच्याकडून ती ड्यूक ऑफ ससेक्सकडे आणि 1844 मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेली, आणि आता ती ब्रिटिश लायब्ररीत आहेत. काही भाग राजस्थानात राहिला, तर मनोहरच्या बालकांडाची बरीच पाने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली. 2014 मध्ये ब्रिटिश लायब्ररी आणि या संग्रहालयाने मिळून विखुरलेली पाने संगणकाच्या पडद्यावर एकत्र आणली, ही अभ्यासकांची फार मोठी सोय झाली. पडद्यावर पान हवे तेवढे मोठे करता येते आणि वानरांच्या गर्दीतला प्रत्येक चेहरा वाचता येतो. पण घोटलेल्या रंगाची झळाळी आणि उठलेले मोती तिथे सपाट होतात, म्हणून मूळ पान तिरप्या उजेडात पाहण्याची संधी मिळेल तेव्हा ती सोडू नये. शिवाय सुंदरकांडाची मोजकीच चित्रे शिल्लक असल्यामुळे हनुमंताच्या लंकाप्रवेशापासून परतीपर्यंतची कथा त्या एकत्र केलेल्या पोथीतही जागोजागी तुटलेलीच आहे.