टेलिफोनचा फलक आणि त्यापुढची माणसे

टेलिफोनच्या जुन्या एक्स्चेंजांची छायाचित्रे आपण सर्वांनी कोठे ना कोठे पाहिली असतील. एक लांबच लांब दालन असते. भिंतीला लागून लाकडी फलक, फलकाला ओळीने शेकडो भोके, त्या भोकांत खुपसलेल्या दोऱ्या, आणि समोर उंच स्टुलांवर खांद्याला खांदा लावून बसलेल्या स्त्रिया. त्यांची पाठ आपल्याकडे असते. मागे एखादी प्रौढ बाई हात मागे बांधून उभी असते. चित्र मोठे नेटके दिसते. पाहणारा म्हणतो, ‘काय ही शिस्त!’ आणि पान उलटतो.

आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. आम्हांला पान इतक्या लवकर उलटवत नाही. ह्या बाया किती तास बसल्या असतील, मागे उभी असलेली बाई काय मोजते आहे, आणि ह्या सर्वांची नावे काय, असे प्रश्न आमच्या मनात येतात. ह्या लेखात ती छायाचित्रे तशाच नजरेने वाचून पाहावयाची आहेत. परंतु काम समजल्यावाचून कामगार समजत नाही, म्हणून आधी तो फलक काय करीत असे ते पाहू.

आमचे प्रतापगड म्हणजे साताऱ्याचे नव्हे. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, जेथे महाशिवरात्रीची मोठी जत्रा भरते, ते प्रतापगड. आता असे समजा, की प्रतापगड, गोठणगाव, केशोरी, नवेगावबांध अशा दहा गावांना एकमेकांशी थेट जोडणारे रस्ते बांधावयाचे आहेत. प्रत्येक गावातून प्रत्येक गावाला स्वतंत्र रस्ता काढला, तर ४५ रस्ते लागतील. गावे शंभर असली तर ४,९५० लागतील. त्याऐवजी प्रत्येक गावाने एकच रस्ता अर्जुनीपर्यंत काढला, तर दहा गावांना दहाच रस्ते पुरतात. मात्र अर्जुनीच्या चौकात ‘तुम्हांला कोठे जायचे?’ असे विचारून योग्य वाटेला लावणारा माणूस हवा. टेलिफोनचे एक्स्चेंज म्हणजे हा चौक, आणि ऑपरेटर म्हणजे त्या चौकातील माणूस.

असा पहिला व्यापारी चौक अमेरिकेतील न्यू हेवन गावी २८ जानेवारी १८७८ रोजी उघडला. त्याचे ग्राहक होते अवघे २१. त्यानंतर बरोबर चार वर्षांनी, २८ जानेवारी १८८२ रोजी, कलकत्त्याचे एक्स्चेंज सुरू झाले, आणि त्याच वर्षी मुंबई व मद्रास येथेही टेलिफोन आला. हा धंदा प्रथम खासगी कंपन्यांच्या हाती होता. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील टेलिफोन सरकारने १९४३ साली आपल्याकडे घेतले.

फलकावरचे प्रत्येक भोके म्हणजे एका ग्राहकाची तार. त्याला जॅक म्हणत. जुन्या पद्धतीत ग्राहक आपल्या यंत्राचा दांडा फिरवी, आणि फलकावर त्याच्या जॅकजवळची छोटी झडप खाली पडे. पुढे सुधारणा होऊन झडपेऐवजी दिवा आला. ग्राहकाने नुसता फोन उचलला, की तो पेटे. ऑपरेटरपुढे दोऱ्यांच्या जोड्या असत. जोडीतील एक दोरी ती दिवा लागलेल्या जॅकमध्ये खुपसून विचारी, ‘नंबर प्लीज?’ मग दुसऱ्या दोरीचे टोक मागितलेल्या नंबराच्या जॅकला हळूच लावून पाही. कानात ‘टक्’ असा आवाज आला तर ती तार गुंतलेली. न आला तर प्लग आत, कळ दाबून घंटा, आणि संभाषण सुरू. बोलणे संपून दोघांनी फोन खाली ठेवले, की दोरीपुढचे दिवे लागत. मग दोन्ही प्लग ओढून घ्यावयाचे. हे एक काम झाले. ते होईपर्यंत दुसरे चार दिवे लागलेले असत.

मोठ्या शहरात एका बाईचा हात सगळ्या ग्राहकांपर्यंत पोचणार कसा? म्हणून प्रत्येक ग्राहकाचा जॅक फलकाच्या लांबीभर ठिकठिकाणी पुन्हा पुन्हा बसवीत, म्हणजे कोणत्याही जागी बसलेल्या ऑपरेटरला तो हाताच्या टप्प्यात मिळे. छायाचित्रात भोके इतकी दाट दिसतात, आणि बाया इतक्या खेटून बसलेल्या व कित्येकदा शेजारणीच्या अंगावरून हात टाकताना दिसतात, त्याचे कारण हे आहे. त्यांच्या गळ्यात शिंगासारखे एक बोलण्याचे नळकांडे आणि डोक्यावर लोखंडी पट्टी दिसते. तिच्यामुळे दोन्ही हात मोकळे राहत. तोंड, कान, डोळे आणि दोन्ही हात एकाच वेळी कामाला जुंपलेले, असे धंदे जगात फार थोडे असतील.

ह्या कामावर प्रथम मुलगे ठेवले होते. तारखात्यातील निरोपे पोरगे तेथून इकडे आणले गेले. ते ग्राहकांशी उर्मटपणे बोलत, आपसांत दंगा करीत, अशा तक्रारी आल्या. १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टन येथे एमा नट ह्या बाईंना नेमण्यात आले; ह्या धंद्यातील त्या पहिल्या स्त्री समजल्या जातात. स्त्रियांचा आवाज गोड, स्वभाव सोशीक, असे कारण त्या वेळी सांगितले गेले. ते खोटे नव्हते. पण अपुरे होते. स्त्रियांना पगार कमी द्यावा लागे, हे कारण तितक्या मोठ्याने कोणी सांगितले नाही. लग्न झाले की नोकरी सोडावी, असा दंडक परदेशांत पुष्कळ ठिकाणी होता. त्यामुळे वाढीव पगाराच्या जुन्या नोकराचा प्रश्नच फारसा उरत नसे. आपल्या देशातही मोठ्या शहरांच्या एक्स्चेंजांत प्रथम अँग्लो-इंडियन स्त्रिया अधिक होत्या. मराठी घरांतील मुली पुढे हळूहळू आल्या. रात्रपाळी करून पहाटे घरी परतणाऱ्या मुलीकडे शेजारी कसे पाहत असतील, ह्याची कल्पना आपण करू शकता.

आता छायाचित्राकडे वळू. ही छायाचित्रे बहुधा कंपनीने किंवा खात्याने काढवून घेतलेली असत. आपला कारभार किती चोख आहे हे लोकांना दाखविणे, हा त्यांचा हेतू. म्हणून दालन झाडलेले, केस बांधलेले, नजर फलकावर. सगळ्या बायांचे हात एकाच उंचीला स्थिर दिसले, की समजावे, हे काम नव्हे, ही बैठक आहे. खऱ्या कामात हात कधी असे थांबत नाहीत. मागे उभी असलेली बाई देखरेख करणारी. कोण किती वेळात दिव्याला उत्तर देते, कोण शेजारणीशी बोलते, ह्यावर तिचे लक्ष असे. कापडगिरणीत खात्यातून फिरणारा जॉबर आणि ही बाई, दोघांचे काम एकच.

छायाचित्र काय दाखविते आणि दप्तर काय लिहिते, ह्यांत किती अंतर पडू शकते, त्याचे एक उदाहरण फार बोलके आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने फ्रान्समध्ये टेलिफोन चालविण्यासाठी २२३ स्त्रिया पाठविल्या. छायाचित्रांत त्या सैनिकी गणवेशात दिसतात. त्यांनी शपथ घेतली होती, आणि त्यांपैकी काहींनी आघाडीच्या जवळही काम केले. परंतु युद्ध संपून त्या घरी परतल्या तेव्हा सरकारने सांगितले, की तुम्ही सैनिक नव्हता, खासगी नोकर होता. म्हणून निवृत्त सैनिकाचे हक्क नाहीत. त्यांपैकी काहीजणींनी हा अन्याय धसास लावण्यासाठी वर्षानुवर्षे अर्ज केले. मान्यता मिळाली ती १९७७ साली, म्हणजे जवळजवळ साठ वर्षांनी. तोवर बहुतेकजणी वारल्या होत्या.

ह्या स्त्रिया केवळ सोशीक होत्या, असेही कोणी समजू नये. १५ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागात ज्यूलिया ओकॉनर ह्यांच्या पुढारीपणाखाली सुमारे आठ हजार ऑपरेटर बायांनी संप केला. सहा दिवस टेलिफोन मुके झाले, आणि पगारवाढ मिळवूनच त्या कामावर गेल्या. आपल्याकडे जुलै १९४६ मध्ये टपाल कामगारांचा देशव्यापी संप झाला, तेव्हा तार व टेलिफोनकडील कामगारही त्यात उतरले, आणि त्यांना पाठिंबा म्हणून २२ जुलैला मुंबई बंद राहिली. जुलै १९६० मधील केंद्रीय सरकारी नोकरांच्या पाच दिवसांच्या संपातही टपाल-तार-टेलिफोनची माणसे होती. संपाच्या दिवसांतील रिकाम्या स्टुलांचे छायाचित्र मात्र कंपनीच्या दिनदर्शिकेवर छापले जात नाही.

मोठ्या शहरातील ‘नंबर प्लीज’ आपल्या भागातील माणसाच्या अनुभवाचे नव्हे. आपल्याला ऑपरेटर भेटली ती ट्रंक कॉलमध्ये. आमच्या लहानपणी तालुक्याच्या गावी पोस्टात जाऊन कॉल नोंदवायचा आणि बाकावर बसून राहायचे. साधा, अर्जंट व लाइटनिंग असे प्रकार; घाई जितकी मोठी तितके पैसे मोठे. लहान गावच्या ऑपरेटरने जिल्ह्याच्या गावी सांगावयाचे, तेथल्या ऑपरेटरने पुढच्या शहराला, अशी साखळी जुळे. तीन मिनिटे झाली, की मध्येच आवाज येई, ‘तीन मिनिटं झाली, वाढवायचे?’

एकदा आमच्या घरातील वडीलधारे गेल्याची बातमी मुंबईच्या काकांना कळवावयाची होती. आमचे वडील फोनमध्ये ओरडत होते. पलीकडे काही ऐकू जात नव्हते. तेव्हा मधली ऑपरेटर बाई म्हणाली, ‘दादा, तुम्ही सावकाश सांगा, मी त्यांना सांगते.’ वडिलांनी एकेक वाक्य सांगितले. तिने ते पलीकडे सांगितले, आणि काकांचे रडणे थांबेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, ‘उद्याच्या गाडीने निघतो म्हणतात.’ एका अनोळखी स्त्रीने आमच्या घरचे मरण असे आपल्या तोंडाने पोचविले. तिचा चेहरा आम्ही पाहिला नाही, नावही कळले नाही.

पुढे संघटनेच्या कामात एका निवृत्त ऑपरेटरबाईंच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. त्यांनी आपल्या कचेरीचे समूह-छायाचित्र दाखविले. पुढे खुर्च्यांवर अधिकारी. त्यांची नावे व हुद्दे खाली सुबक अक्षरांत छापलेले. मागे दोन रांगांत पंचवीसएक स्त्रिया उभ्या. त्यांच्याविषयी तीनच शब्द होते : ‘उभे : कर्मचारी वर्ग’. बाईंना गावातील वकिलांचे, डॉक्टरांचे, अडत्यांचे चाळीस वर्षांपूर्वीचे नंबर अजून तोंडपाठ होते. त्या ते म्हणून दाखवीत होत्या, आणि आम्ही त्या तीन शब्दांकडे पाहत होतो. मग आम्ही विचारले, ‘ह्यांची नावे आठवतात?’ अर्ध्याहून अधिक आठवली. ती आम्ही त्या दुपारी मागे लिहून घेतली.

ह्या स्त्रियांना हटविणारे यंत्र फार जुने आहे. स्ट्रोजर नावाच्या एका अमेरिकन माणसाने त्याचे पेटंट १८९१ साली मिळविले. तो अंत्यविधीचे सामान पुरविणारा होता. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळविते अशा संशयाने त्याने हा शोध लावला, अशी कथा सांगतात. भारतात पहिले स्वयंचलित एक्स्चेंज सिमल्याला १९१३-१४ च्या सुमारास आले. ऑपरेटरवाचून परगावी थेट फोन लावण्याची सोय १९६० साली कानपूर-लखनौ ह्या दोन शहरांमध्ये प्रथम झाली. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली, तिने आपल्या हवेत चालतील अशी लहान एक्स्चेंजे बनविली, आणि नव्वदीत गावोगावी एसटीडीची पिवळी दुकाने दिसू लागली. मग मोबाईल आला. १५ जुलै २०१३ ला तारही बंद झाली.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. बाळंतिणीला दवाखान्यात न्यावयाचे असताना केशोरीच्या माणसाला ट्रंक कॉलची वाट पाहावी लागत नाही, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु प्रगतीचा जमाखर्च मांडताना एक बाजू कोरी ठेवू नये, एवढेच आमचे म्हणणे. २०२० साली बीएसएनएल व एमटीएनएल ह्यांतून ९२ हजारांहून अधिक माणसे स्वेच्छानिवृत्ती घेऊन एकाच दिवशी बाहेर पडली. त्यांत ह्या फलकांपुढे ऐन तारुण्य घालविलेल्या स्त्रियाही होत्या. आणि काम संपले असेही नाही. आज डोक्याला तीच पट्टी बांधून, रात्रपाळीत, सेकंदांच्या हिशेबाखाली मुले-मुली कॉल सेंटरांत बसली आहेत. फलक गेला, मागे उभी असलेली बाई गेली. मोजणी मात्र आता संगणक करतो.

त्या फलकाची एक खूण तर पुष्कळदा व्याख्यानमालेच्या मंडपातच असते. ध्वनिक्षेपकाच्या यंत्रात खुपसतात तो पाव इंच जाडीचा चकचकीत प्लग ऑपरेटरच्या दोरीच्या टोकाचाच वंशज आहे. वस्तू अशी सव्वाशेहून अधिक वर्षे टिकते. माणसाची नोंद आपण ठेवली तरच टिकते.

म्हणून आमची एक विनंती आहे. कोणाच्या घरी आई, आत्या, मावशी टेलिफोनात, पोस्टात, तारखात्यात होती, त्यांनी पेटीतील छायाचित्रे बाहेर काढावीत. जी हयात आहेत त्यांच्याजवळ बसावे. प्रत्येक चेहऱ्यावर बोट ठेवून नाव विचारावे, आणि छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने लिहावे. शाई कागदातून उतरते आणि चित्र बिघडविते. नाव, गाव, साल, पाळी. एवढे झाले की त्याची एक प्रत गावच्या वाचनालयात द्यावी. हे काम करण्यास खर्च नाही, परवानगी नको. वेळ मात्र फार उरलेला नाही, कारण ज्यांना ती नावे आठवतात त्यांनी आता सत्तरी ओलांडली आहे.