विधी शाखेतील प्रवेश : शक्यतेचा ताळेबंद

चेन्नईतील मैलापूर ही जुन्या मद्रासमधील वकिलांची वस्ती. घटना मसुदा समितीचे सदस्य अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे निवासस्थान येथील लझ चर्च रस्त्यावर होते. १९०६ साली अर्बथनॉट या पेढीचे दिवाळे निघून असंख्य ठेवीदारांची पुंजी बुडाली, तेव्हा मैलापूरचेच वकील व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांनी पुढाकार घेतला आणि १९०७ मध्ये इंडियन बँक उभी राहिली. मराठी माणसालाही ही वस्ती परकी नाही. इंदूर व बडोदा संस्थानांचे दिवाण राहिलेले, तंजावरच्या मराठी परंपरेतील सर टी. माधवराव यांचे अखेरचे वास्तव्य येथेच होते. १८९१ मध्ये त्यांचे येथेच निधन झाले.

बदलीच्या नोकरीमुळे महाराष्ट्रातून येऊन कपालीश्वर मंदिराच्या परिसरात बिऱ्हाड थाटणारी कुटुंबे आजही आहेत. समजा, अशाच एका बँक कर्मचाऱ्याची कन्या अकरावीत असून तिने विधी शाखेकडे जाण्याचा निश्चय केला आहे. घरातील प्रश्न एकच असतो : प्रवेश मिळेल का? या प्रश्नाला शिकवणी वर्ग ‘हमखास’ असे उत्तर देतात, आप्तेष्ट ‘हुशार मुलगी आहे, मिळणारच’ असे म्हणतात आणि शेजारी ‘फार कठीण हो’ म्हणून मोकळे होतात. तिन्ही उत्तरे निरुपयोगी आहेत. कर्जाचा प्रस्ताव समोर आला असता बँकेचा अधिकारी अर्जदाराच्या आत्मविश्वासावर विसंबत नाही. तो मागील तीन वर्षांचे ताळेबंद मागतो. प्रवेशाच्या शक्यतेचा अंदाजही अशाच पद्धतीने बांधता येतो.

प्रथम परीक्षेचे स्वरूप पाहू. बंगळूरचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ १९८७ मध्ये स्थापन झाले आणि त्या धर्तीवर अन्य राज्यांतही अशी विद्यापीठे निघाली. पूर्वी प्रत्येकाची परीक्षा वेगळी असे. २००८ पासून ‘क्लॅट’ ही सामाईक परीक्षा सुरू झाली. त्या वर्षी तीत सात विद्यापीठे होती, आज त्यांची संख्या वीसहून अधिक आहे. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ मात्र ‘आयलेट’ नावाची स्वतःची परीक्षा घेते. क्लॅटमध्ये १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवावयाचे असतात. ते इंग्रजी, चालू घडामोडी, विधिविषयक तर्क, सामान्य तर्क आणि अंकगणित या पाच विभागांतून येतात. अचूक उत्तरास एक गुण मिळतो, चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो. पदवी अभ्यासक्रमासाठी परीक्षा देणारे अर्ध्या लाखाहून कितीतरी अधिक असतात, तर सर्व विद्यापीठांतील जागा काही हजारच.

येथे वजा गुणांविषयी थोडे विषयांतर क्षम्य ठरावे, कारण त्याची भीती अवास्तव आहे. चार पर्यायांच्या चार प्रश्नांना केवळ अंदाजाने उत्तरे दिली तर सरासरीने एक बरोबर व तीन चूक येतात. म्हणजे एक गुण मिळतो, पाऊण गुण जातो. तोटा होत नाही. एखादा पर्याय निश्चितपणे बाद करता येत असेल तर हिशेब आणखी अनुकूल होतो. दडपणामुळे वीस-वीस प्रश्न कोरे सोडणारा विद्यार्थी आपल्या हाताने आपली शक्यता घटवीत असतो.

आता ताळेबंदाकडे. सराव परीक्षांपैकी ज्या घड्याळ लावून, एका बैठकीत सोडविल्या असतील त्याच हिशेबात घ्याव्यात. समजा, या मुलीस शेवटच्या आठ परीक्षांत ७१, ८३, ७८, ९०, ७६, ८०, ७४ व ८२ गुण मिळाले. घरात सर्वांच्या तोंडी ९० हाच आकडा असणार. परंतु चढत्या क्रमाने मांडणी केल्यास मध्य ७९ वर येतो आणि टोकाचे दोन-दोन आकडे वगळले तर तिचा पल्ला ७६ ते ८२ असा दिसतो. हीच तिची आजची पत. नव्वदाचा दिवस परीक्षेच्या दिवशीच उगवेल असे गृहीत धरणे म्हणजे दिवाळीतील विक्रीवरून वर्षाची उलाढाल ठरविण्यासारखे आहे.

त्यातही गुण हे अंतिम माप नव्हे. प्रश्नपत्रिका एखाद्या वर्षी सोपी असते, एखाद्या वर्षी कठीण. म्हणून गतवर्षीच्या गुणांशी तुलना फसवी ठरते. तुलना करावयाची ती गुणानुक्रमांकाची, म्हणजे रँकची. मोठ्या सराव परीक्षेत मिळालेला क्रमांक पाहताना तेथे सर्व स्पर्धक बसलेले नसतात, याचेही भान ठेवावे लागते. गुणवत्तायादीच्या मधल्या पट्ट्यात विद्यार्थ्यांची एवढी दाटी असते की एका गुणाने शेकडो क्रमांक वरखाली होतात. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या क्लॅटचे उदाहरण बोलके आहे. काही उत्तरे चुकीची ठरविली गेल्याची तक्रार घेऊन विद्यार्थी न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालय व त्यानंतर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालय यांच्या निर्णयांनंतर गुणवत्तायादी नव्याने करावी लागली आणि प्रवेशप्रक्रिया कित्येक महिने लांबली. अवघ्या काही प्रश्नांच्या फेरविचाराने सर्वांचेच क्रमांक पुन्हा मांडावे लागले. म्हणूनच क्रमांकाचा अंदाज नेहमी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असाच करावा.

या अंदाजाशेजारी ठेवावयाचा दुसरा आकडा म्हणजे प्रत्येक विद्यापीठात, त्या-त्या प्रवर्गात, अखेरच्या फेरीत प्रवेश मिळालेल्या शेवटच्या विद्यार्थ्याचा क्रमांक. पहिल्या फेरीचा आकडा पाहून पुष्कळ पालक निष्कारण निराश होतात. पुढील फेऱ्यांत तो बराच खाली सरकतो. तीन वर्षांचे आकडे मांडावेत व मधल्या काळात जागा वाढल्या का, हे पाहावे. केवळ उदाहरणादाखल, एखाद्या विद्यापीठाचे असे आकडे १४५०, १६०० व १५२० असतील आणि मुलीचा अंदाजित पल्ला १२०० ते २१०० असेल, तर तेथील प्रवेश शक्य आहे, निश्चित नाही. ज्याचा आकडा २५०० च्या पुढे आहे ते विद्यापीठ बहुधा आटोक्यात, आणि ज्याचा ८०० वर थांबतो ते आजच्या स्थितीत आवाक्याबाहेर.

मैलापूरच्या मराठी कुटुंबाला खरा चकवा बसतो तो मात्र ‘प्रवर्ग’ या रकान्यात. अनेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जागांचा काही वाटा त्या राज्याच्या रहिवाशांसाठी राखून ठेवलेला असतो आणि त्या वाट्याचा अखेरचा क्रमांक अखिल भारतीय यादीपेक्षा बराच शिथिल असू शकतो. तिरुचिरापल्ली येथे तमिळनाडूचे, तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे महाराष्ट्राचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. चेन्नईत शिकलेली, मूळची साताऱ्याची मुलगी यांपैकी कोठे रहिवासी मानली जाईल? जन्म, शालेय शिक्षण, पालकांचे वास्तव्य यांपैकी कशाला महत्त्व द्यावयाचे, याचे नियम विद्यापीठागणिक वेगळे आहेत. कुठेच न बसणे हीही एक शक्यता असते, आणि ती परीक्षेनंतर कळणे फार महागात पडते.

जातीच्या दाखल्याबाबत तर गैरसमज अधिकच खोल आहे. महाराष्ट्रात मिळालेला दाखला तमिळनाडूच्या राज्य प्रवर्गात सामान्यतः चालत नाही. या प्रश्नाचा निवाडा ज्या खटल्यात झाला तो मुंबईतीलच. आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातीत गणल्या जाणाऱ्या एका विद्यार्थ्याचे वडील केंद्र सरकारच्या उपक्रमातील नोकरीनिमित्त मुंबईत आले. मुलाने सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मागितली. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती मागणी अमान्य केली : स्थलांतरिताचा तो दर्जा मूळ राज्यापुरता असतो, असा त्या निर्णयाचा आशय आहे. बदलीच्या नोकरीतील प्रत्येक कुटुंबाने हा निर्णय ध्यानी ठेवावा असा आहे.

क्लॅटच्या धामधुमीत घराजवळचा पर्याय दृष्टीआड होतो. तमिळनाडू डॉ. आंबेडकर विधी विद्यापीठाचे कार्यालय मैलापूरनजीक, पूर्वीच्या ग्रीनवेज रस्त्यावर आहे. त्याच्या ‘स्कूल ऑफ एक्सलन्स इन लॉ’ या विभागातील पाच वर्षांच्या ऑनर्स अभ्यासक्रमाचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, प्रवेश परीक्षेवर नाही. तमिळनाडूत राज्याचे आरक्षण ६९ टक्के असल्याने परराज्यातील विद्यार्थ्यास उरलेल्या ३१ टक्के खुल्या जागांसाठी, सर्वांशी स्पर्धा करीत, झगडावे लागते. तेव्हा डिसेंबरातील क्लॅटसाठी बारावीच्या अभ्यासाकडे पाठ फिरविणाऱ्या मुलीने हा दरवाजा स्वतःच लोटून घेतला असे होते. महाराष्ट्राची स्वतंत्र सीईटी हा तिसरा मार्ग. तीत वजा गुण नाहीत आणि पुण्याचे आयएलएस, मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय अशा जुन्या संस्था तिच्या कक्षेत येतात.

पसंतीक्रम भरताना होणारी एक चूक विशेष खेदाची. ‘वरचे विद्यापीठ मिळणार नाही, मग ते पहिले कशाला लिहा?’ असे समजून पालक सुरक्षित नाव अग्रभागी टाकतात. वास्तविक जागावाटप क्रमांकानुसार होते. विद्यार्थिनीची पाळी आली की तिच्या यादीतील, त्या वेळी उपलब्ध असलेले सर्वांत वरचे नाव तिला मिळते. अवघड नाव पहिले लिहिल्याने खालच्या नावाचा हक्क रतिमात्र कमी होत नाही. उलट सुरक्षित नाव वर लिहिले तर ते मिळते आणि अधिक आवडीचे कायमचे हुकते. यादी इच्छेनुसार लावावी. शक्यतेचा हिशेब उपयोगी पडतो तो यादीचा तळ किती खोल न्यावयाचा हे ठरविण्यासाठी.

पैशाची तजवीजही याच वेळी व्हावी. २०२५ च्या क्लॅट समुपदेशनात सर्वसाधारण प्रवर्गासाठी नोंदणीशुल्क ३०,००० रुपये होते आणि ते भरण्यास मोजकेच दिवस मिळतात. मुदत ठेव मोडण्यासाठी शाखेत धावपळ करणारे पालक दर वर्षी दिसतात. शैक्षणिक कर्जासाठी प्रवेशपत्र हाती येणे आवश्यक असले तरी सहकर्जदार पालकांची उत्पन्नाची कागदपत्रे, मागील शिक्षणाच्या गुणपत्रिका व अभ्यासक्रमाचा वर्षवार खर्च ही धारिका आधी तयार ठेवता येते. २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतील प्रवेशासाठी तारण व जामीनदार न घेता कर्जाची सोय आहे. इच्छित विद्यापीठ त्या यादीत आहे का, हे शाखेत विचारून घ्यावे.

राहता राहिला एक वर्ष थांबण्याचा प्रश्न. क्लॅटला वयोमर्यादा नाही, त्यामुळे मार्ग खुला असतो. शेवटच्या तीन महिन्यांत मध्य गुण सातत्याने चढत असतील आणि हुकलेले अंतर पाच-सात गुणांचे असेल, तर थांबण्यास आधार आहे. आलेख सपाट असेल व अंतर पंधरा-वीस गुणांचे असेल, तर घराजवळच्या विद्यापीठातील हाती आलेली जागा सोडण्यापूर्वी मुलीशी निवांतपणे बोलावे, आणि त्या वेळी सराव परीक्षांची वही समोर उघडी असावी.