साडेपाच एकरांची बातमी

नोव्हेंबर २००८ मध्ये फ्रान्समधून वाईनच्या जगात एक बातमी पसरली. बर्गंडीतल्या ‘दोमेन द ला रोमाने-कोंती’ या संस्थेने कोर्तों टेकडीवरचे द्राक्षमळे कसायला घेतले होते. क्षेत्र २.२७ हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेपाच एकर. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात साडेपाच एकरवाल्याला कुणी मोठा शेतकरी म्हणणार नाही. सोयाबीन, तूर आणि पाण्याची सोय असेल तर थोडी हळद, एवढ्यात त्याचं वर्ष जातं. तरीही लंडनपासून टोकियोपर्यंतच्या दर्दींनी या साडेपाच एकरांची दखल घेतली.

ती का घेतली, हे कळायला संस्थेचा सातबारा पाहिला पाहिजे. जिच्यावरून तिला नाव मिळालं, ती रोमाने-कोंती ही बाग आहे १.८१ हेक्टरची, साडेचार एकरांच्या आतबाहेर. वर्षाला तिथून पाच-सहा हजार बाटल्या निघतात. १९४५ सालच्या तर अवघ्या ६०० निघाल्या आणि त्यानंतर जुने वेल उपटून नवी लागण करण्यात आली. त्या सहाशेंपैकी एक बाटली ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ५,५८,००० डॉलरला गेली. बागेचा जुना इतिहासही असाच चढ्या बोलीचा. १७६० मध्ये ती कोंतीच्या राजपुत्राने विकत घेतली आणि पंधराव्या लुईची मर्जीतली मादाम द पोम्पादूर हात चोळत राहिली, अशी आख्यायिका आहे. याच पोम्पादूरच्या नावाने पुढे नारायणगावात फेसाळ वाईन निघाली. ती गोष्ट पुढे येईल.

कोर्तोंचे मळे संस्थेने विकत घेतले नव्हते. मालक होतं द मेरोद हे सरदार घराणं. प्रिन्स फ्लोरां द मेरोद २००८ मध्ये वारले आणि वारसांनी जमीन भाडेपट्ट्याने दिली. सेनगावकडे याला ठोक्याने दिली म्हणतात. तुकडे तीन: क्लो द्यु र्‍वा, ब्रेसांद आणि रेनार्द. तिन्ही ‘ग्राँ क्र्यू’ या सर्वोच्च दर्जाचे. नव्या कसणाऱ्यांनी वेलींची निगा आपल्या पद्धतीने सुरू केली, उत्पादन मुद्दाम कमी ठेवलं आणि तिन्ही तुकड्यांची वाईन एकत्र करून ‘कोर्तों’ या एकाच नावाने बाटलीत भरली. पहिला हंगाम २००९ चा. बाटलीच्या चिठ्ठीवर जमीनमालक द मेरोद यांचं नाव मात्र त्यांनी राहू दिलं.

आपल्याकडे जमीन ठोक्याने देणारा कागद करायला का कचरतो, हे वेगळं सांगायला नको. कुळाचं नाव एकदा लागलं की निघत नाही, ही भीती. पश्चिम महाराष्ट्राचा कूळकायदा १९४८ चा, तर निजामाच्या मुलखातून आलेल्या मराठवाड्याला १९५० चा हैदराबाद कायदा लागू. फ्रान्सने आपल्या कुळांना असंच संरक्षण १९४६ मध्ये दिलं. तिथे शेतीचा पट्टा किमान नऊ वर्षांचा असतो आणि मालकाला मनात येईल तेव्हा कुळाला उठवता येत नाही. तीन कायदे, पाच वर्षांच्या आत. फरक पुढे पडला. तिथला मालक आणि कूळ दोघेही त्या कायद्याच्या आधाराने लेखी, लांब मुदतीचे पट्टे करत राहिले. इथे व्यवहार तोंडी झाले, अकरा महिन्यांचे झाले, किंवा झालेच नाहीत.

बर्गंडीत दर्जा जमिनीच्या तुकड्याला चिकटलेला असतो. मालक बदलो, कसणारा बदलो, बांधाच्या अलीकडचं ते ग्राँ क्र्यू आणि पलीकडचं साधं. म्हणून तिथे धनदांडगे एकेका बांधासाठी झुंजतात. २०१४ मध्ये बेर्नार आर्नो यांच्या एलव्हीएमएच समूहाने क्लो दे लांब्रे घेतलं, तर २०१७ मध्ये शातो लातूरचे मालक फ्रांस्वा पिनो यांनी साडेसात हेक्टरचं क्लो द तार. बोर्दो या फ्रान्सच्याच दुसऱ्या वाईनप्रांताची रीत उलटी आहे. तिथे १८५५ ची प्रतवारी शातोच्या, म्हणजे वाईन करणाऱ्या घराच्या, नावाला आहे. शातोने आपल्याच हद्दीतली शेजाऱ्याची जमीन घेतली, तर ती जमीनही त्याच मानाच्या चिठ्ठीखाली जाऊ शकते. शातो ओ-ब्रियोंच्या डिलन घराण्याने १९८३ मध्ये रस्त्यापलीकडचं ला मिस्यों ओ-ब्रियों घेतलं. दोन्ही वाईन मात्र वेगळ्याच ठेवल्या, आणि शहाणपण त्यातच होतं.

आता महाराष्ट्र. इथेही मोठ्यांनी छोटे ताब्यात घेतले आहेत, तेही थोडेथोडके नाहीत. नाशिकच्या गंगापूर धरणाच्या पाण्याजवळ राजीव सामंत यांनी ‘सुला’ उभी केली. स्टॅनफर्डला शिकून, अमेरिकेतली नोकरी सोडून आलेला हा माणूस. आईच्या सुलभा या नावावरून कंपनीचं नाव, आणि पहिली बाटली २००० मध्ये. त्याच पाणलोटाच्या काठी गुरनानी कुटुंबाची ‘यॉर्क’ वाईनरी होती. हे इंग्लंडचं यॉर्क नव्हे. योगिता, रवी आणि कैलाश या भावंडांच्या आद्याक्षरांतून ते नाव जुळवलेलं. कैलाश ऑस्ट्रेलियात, ॲडलेडला वाईननिर्मिती शिकून आले होते आणि यॉर्कच्या शिराझ-काबर्ने मिश्रणाच्या ‘आरोस’ या लाल वाईनला जाणकारांत मान होता. २०२१ मध्ये सुलाने यॉर्क घेतली. पुढच्या वर्षी डिसेंबरात सुलाचे शेअर बाजारात आले. २०२४ मध्ये दिंडोरी भागातली ‘एनडी वाईन्स’ही तिच्याकडे गेली.

दुसरी साखळी ‘ग्रोव्हर झाम्पा’ची. कंवल ग्रोव्हर यांनी १९८८ च्या सुमारास बंगळूरजवळ नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी फ्रेंच जातींची लागण केली. पुढे बोर्दोचे नामांकित सल्लागार मिशेल रोलां यांच्या मार्गदर्शनाने ‘ला रेझर्व्ह’ ही लाल वाईन निघाली. २०१२ मध्ये ग्रोव्हर आणि इगतपुरीकडच्या सांजेगावची झाम्पा एकत्र आल्या. २०१८ मध्ये या घराने आणखी दोन ठिकाणं जोडली. एक दिंडोरीकडची चारोसा, दुसरी बारामतीजवळची ‘फोर सीझन्स’. फोर सीझन्स ही विजय मल्ल्यांच्या दारू साम्राज्याची हौस. उघड्या माळावर फ्रेंच शातोच्या धाटणीची दगडी इमारत, आणि गावाचं नाव रोटी! रोटीची वाईन, हा योग फक्त बारामतीकडेच जुळून येऊ शकतो. त्याच मल्ल्यांच्या समूहाने २००६ मध्ये फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं १८५१ चं ‘बुव्हे-लादुबे’ हे घरही घेतलं होतं. २०१५ मध्ये ते मोनमुसो या जुन्या मालक कुटुंबाकडे परत गेलं.

या व्यवहारांत नेमकं काय हातबदल झालं, हे पाहिलं की बर्गंडी आणि नाशिक यांतलं अंतर कळतं. नाशिकला विकली जाते ती इमारत, पोलादी टाक्या, ओकची पिंपं, उत्पादनशुल्काचा परवाना, बाटलीवरचं नाव, आणि शेतकऱ्यांशी केलेल्या करारांची फाईल. वेली बहुतेक जिथल्या तिथे, ज्याच्या त्याच्या सातबाऱ्यावर. सुलासाठी पिकणारं बहुतांश क्षेत्र दीर्घ मुदतीच्या करारावरचं आहे. कारण उघड आहे. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेताना परवानगीचे अडथळे आहेत आणि १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने बारमाही बागायतीला १८ एकरांची मर्यादा आहे. अकलूजच्या ‘फ्रातेली’ने यावर वेगळी तोड काढली. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावांच्या तीन जोड्या २००७ मध्ये एकत्र आल्या. जमीन जाणणारा भागीदार घरातच असल्यावर ती बाहेर शोधायची गरज उरली नाही.

करारावरची शेती म्हणजे निष्काळजी शेती, असं मात्र कुणी समजू नये. आपल्याकडे वेलीला हिवाळ्याची झोप नाही. म्हणून एका पिकासाठी दोनदा कात्री लागते: एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. मग भुरी आणि डाऊनी या रोगांशी झगडा आणि जानेवारी ते मार्च काढणी. खाण्याच्या द्राक्षाला मणी फुगवायचा असतो, वाईनच्या द्राक्षाला फुगवायचा नसतो. शिराझचा मणी बारीक, जाड सालीचा, बियांचा. लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा रसात नसतो, सालीत असतो. रस सालींसकट आंबतो, साली वर तरंगून थर धरतात आणि तो थर दिवसातून अनेकदा रसात बुडवावा लागतो. मणी लहान, तर रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून एकरी उतारा कमी ठेवायचा, आणि बाग मंडपावर लगडून येऊ द्यायची सवय असलेल्या बागायतदाराला हे पचवणं सोपं नव्हतं. कंपनीचा माणूस बागेत येतो, ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, मोजतो, तोडणीचा दिवस ठरवतो. भावही जात आणि साखर पाहून.

माझ्या मते या रचनेचा खरा कस कंपनी विकली जाते तेव्हा लागत नाही. ती बुडते तेव्हा लागतो.

इथे नारायणगाव येतं. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात, शॅम्पेनच्या पायपर-हाइडसिक घराचं तांत्रिक साहाय्य घेऊन, तिथे ‘इंडाज’ उभी केली. ‘ओमर खय्याम’ ही तिची फेसाळ वाईन परदेशी गेली, ‘मार्कीझ द पोम्पादूर’ ही देशातल्या हॉटेलांत मिरवली. सुला येण्याआधी भारतीय वाईन म्हणजे इंडाज, असाच काळ होता. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, इथल्याच द्राक्षाच्या वाईनला करात सवलती दिल्या, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क काढले. वाईनरी भराभर वाढल्या आणि इंडाजची भूक त्याहून वाढली. ऑस्ट्रेलियातली टँडूची वाईनरी घेतली, इंग्लंडमध्ये वितरणाची कंपनी घेतली. मराठी माणसाने परदेशातले मळे ताब्यात घेतल्याचं कौतुक तेव्हा वर्तमानपत्रांतून ओसंडत होतं. मग २००८ ची जागतिक मंदी आली, पाठोपाठ मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं ओस पडली, कर्ज अंगावर आलं. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला.

ज्या महिन्यात रोमाने-कोंतीची साडेपाच एकरांची बातमी आली, त्याच महिन्यात मुंबईवर हल्ला झाला. त्यानंतरच्या तोडणीला महाराष्ट्रातल्या टाक्या जुन्या वाईननेच भरलेल्या होत्या. वेलीवर शिराझ आणि काबर्ने तयार, आणि घ्यायला कुणी नाही. हळद शिजवून, वाळवून ठेवता येते. भाव पडला तर सेनगावचा शेतकरी पोती घरात रचून हिंगोली किंवा वसमतच्या बाजाराची वाट पाहतो. थॉम्पसन द्राक्षाचा बेदाणा होतो. शिराझला बाजार समितीत गिऱ्हाईक नाही आणि तोडल्यावर ती फार वेळ थांबतही नाही. ज्यांचं नाव कुठल्याही बाटलीवर कधी आलं नव्हतं, अशा अनेकांनी पुढच्या काही हंगामांत वाईनच्या बागा मुळापासून काढून टाकल्या किंवा त्याच खुंटांवर खाण्याच्या जातींच्या काड्यांची कलमं बांधली. सुला, ग्रोव्हर झाम्पा यांनी ज्या वाईनरी नंतर घेतल्या, त्यांच्या करारांच्या फाईली या पडझडीतून तगलेल्या बागांच्या आहेत.