मार्जिन झालं, आता मजकुराचं काय?

सबमिशनचा आठवडा आला की होस्टेलवर एकच प्रश्न : "अरे, डावीकडचं मार्जिन दीड इंच ना?" मार्जिन, फॉन्ट, स्पेसिंग सगळं आम्हीही जपलं होतं. काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, एकदम झकास! व्हायवाला एक्स्टर्नल सरांनी एकच ओळ वाचली, 'सिस्टिम शुड बी फास्ट अँड युजर फ्रेंडली', आणि विचारलं, "हे झालं की नाही, तपासलं कसं?" आम्ही चौघंही एकमेकांकडे बघत राहिलो.

मित्रांनो, एसआरएस म्हणजे सॉफ्टवेअरकडून काय काय हवं त्याची लेखी बोली. ती कशी लिहावी हे आयईईई ८३० या स्टँडर्डमध्ये सांगितलं होतं. त्याची शेवटची आवृत्ती १९९८ ची. २०११ मध्ये २९१४८ नंबरच्या स्टँडर्डने त्याची जागा घेतली. ८३० मध्ये चांगल्या एसआरएसची आठ लक्षणं दिली आहेत. आम्हाला नडलं ते 'व्हेरिफायेबल', म्हणजे तपासता येण्याजोगं.

आपल्या मेसचंच घ्या. 'बिल लवकर निघावं' याला काही अर्थ नाही. 'मेस-७ : ३०० मुलांची बिलं २ मिनिटांत तयार झालीच पाहिजेत' असं लिहिलं की घड्याळ लावून बघता येतं. आणि तो 'मेस-७' हाताने टाईप करा! वर्डचं ऑटो नंबरिंग इथे घात करतं. मध्ये एक ओळ घुसवली की ७ चा ८ होतो आणि टेस्ट केस भलत्याच गरजेकडे बोट दाखवते. एखादी गरज रद्द झाली तरी तिचा नंबर दुसरीला देऊ नका.

आता शब्द. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्यांनी १९९७ मध्ये आरएफसी २११९ काढून हे पक्कं केलं. 'मस्ट' किंवा 'शॅल' म्हणजे केलंच पाहिजे. 'शुड' म्हणजे करावं, सबळ कारण असेल तर सोडता येईल. 'मे' म्हणजे केलं तर केलं. २०१७ च्या आरएफसी ८१७४ ने सांगितलं की शब्द कॅपिटलमध्ये असेल तरच हा खास अर्थ घ्यायचा. (मराठीत कॅपिटल नाहीत, पण आपला 'च' आहे ना!)

व्हायवानंतर रूमवर येऊन आमच्या रिपोर्टमध्ये 'शुड' मोजले. ४१ निघाले. 'शॅल' एकही नाही.