भेकाचा घास आणि नेटी स्टीव्हन्स यांची अळी

मराठवाड्यातल्या आपल्या शहरात, सिडकोत राहणाऱ्या एका वाचकांनी विचारलं आहे: पहिल्या मोठ्या पावसानंतर अंगणात आलेला भेक मुलीने काचेच्या टाकीत ठेवला आहे. पोळीचा चुरा, उकडलेलं अंडं, माशांचं कोरडं खाद्य, मेलेल्या माश्या, सगळं समोर ठेवून झालं. तो कशालाच तोंड लावत नाही. आजारी असेल का?

बहुधा नाही. समोरची वस्तू त्याला दिसते, पण ती अन्न आहे हे त्याच्या मेंदूला कळत नाही, कारण ती हलत नाही. अमेरिकेत जेरोम लेटविन, उम्बेर्तो मातुराना, वॉरन मॅककलक आणि वॉल्टर पिट्स या चौघांनी १९५९ साली बेडकाच्या डोळ्यावर एक निबंध लिहिला. मेंदूकडे चित्र पाठवण्याआधीच डोळा बरीचशी निवड करून टाकतो आणि लहान, हलणाऱ्या ठिपक्यांना विशेष दाद देतो, हे त्यांनी दाखवलं. पण मला अधिक मोह पडतो तो यॉर्ग-पेटर एवर्ट या जर्मन शास्त्रज्ञाच्या प्रयोगांचा. त्यांनी १९६० च्या दशकापासून वर्षानुवर्षं फक्त भेकाचं बघणं अभ्यासलं.

प्रयोगाची मांडणी शाळेतल्या मुलांनाही जमेल इतकी साधी होती. भेक काचेच्या नळकांड्यात बसवायचा आणि त्याच्याभोवती काळ्या पुठ्ठ्याची पट्टी गोल फिरवायची. पट्टी आडवी, म्हणजे आपल्या लांबीच्या दिशेने सरकत गेली की भेक वळतो, पुढे झुकतो, जीभ फेकायला सज्ज होतो. तीच पट्टी उभी करून त्याच वेगाने, त्याच दिशेने फिरवली की तो ढिम्म बसून राहतो, क्वचित अंग चोरतो. पट्टी तीच, रंग तोच, आकारही तोच. बदललं ते फक्त लांबी आणि हालचाल यांचं नातं. सरपटणारा जीव आपल्या लांबीच्या दिशेनेच पुढे जातो, आणि भेकाचा मेंदू नेमकं हेच तपासतो. आडव्या सरकत्या पट्टीला जोरात आणि उभ्या पट्टीला जेमतेम प्रतिसाद देणाऱ्या चेतापेशीही एवर्ट यांना मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागात सापडल्या. मेंदूतला एक शेजारचा भाग निकामी केला, तर भेक हलणाऱ्या कोणत्याही गोष्टीवर झेपावू लागतो, ती कितीही मोठी असो. म्हणजे ‘हे खाऊ नकोस’ असं सांगणारी यंत्रणाही तिथे होती. इतक्या साध्या पुठ्ठ्याने इतकं खोलवरचं उत्तर मिळवणारे प्रयोग विज्ञानात फार नाहीत.

म्हणून भेकाला जिवंत, लांबट आणि सरपटणारं खाद्य लागतं. गांडूळ उत्तम. झुरळ, नाकतोडे, रातकिडेही चालतात, पण कीटकनाशक फवारलेल्या घरातले किंवा शेतातले नकोत. बाराही महिने घरात सहज तयार करता येणारं खाद्य म्हणजे मीलवर्म, पिठात वाढणारी पिवळसर अळी. शोभेचे मासे आणि पक्षी विकणाऱ्या दुकानांत ती मिळते. आपल्या रव्यात आणि मैद्यात निघणारा तांबडा भुंगेरा तिच्याच कुळातला.

खाऊ घालायचं संध्याकाळी, अंधार पडल्यावर. भेकाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा घास नको. वाढत्या पिल्लाला रोज, पूर्ण वाढलेल्याला आठवड्यातून दोन-तीनदा. भेकाला दात नसतात. त्याची जीभ पुढच्या बाजूने जबड्याला जोडलेली असते, त्यामुळे ती उलटून बाहेर फेकली जाते. गिळताना तो डोळे मिटतो, ते उगाच नव्हे: मिटलेले डोळे खोबणीतून आत ओढले जातात आणि घास घशाकडे सारायला मदत करतात. हे एकदा जवळून बघाच. मात्र फक्त मीलवर्मवर भेक ठेवू नका. या अळीत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार कमी असतं, आणि अशा खाण्याने हाडं ठिसूळ होतात. देण्याआधी अळ्यांना एक-दोन दिवस पालेभाजी खाऊ घाला आणि त्यांच्यावर प्राण्यांसाठी मिळणारी कॅल्शियमची पूड भुरभुरा.

पाण्याचं उथळ भांडं हवंच, पण पिण्यासाठी नव्हे. भेक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाखालच्या आणि मांड्यांच्या त्वचेतून शोषून घेतो. त्यामुळे पाण्यातलं क्लोरीनही थेट अंगात जातं. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी ते साठवलेलं असतं. उघड्या भांड्यात दिवसभर ठेवलेलं असं पाणी भेकाला बरं. त्याच्या कानामागच्या फुगीर ग्रंथींत हृदयावर परिणाम करणारं विष असतं, म्हणून हाताळल्यावर हात धुवा आणि कुत्र्याला त्याच्या जवळ जाऊ देऊ नका.

अंगणातला भेक हा सर्वत्र आढळणारा, काळ्या टोकाच्या गाठींचा भेक आहे. सह्याद्रीतले काही भेक मात्र जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. कोयनेच्या भेकाचं वर्णन सोमण यांनी १९६३ मध्ये केलं, आणि आंबोलीचा पट्टेदार भेक वेगळी जात म्हणून नोंदला गेला तो २००९ मध्ये. सहलीला गेलात तर यांना हातही लावू नका. आणि अंगणातल्या पाहुण्यालाही कायम कोंडून ठेवायचा विचार असेल, तर वन्यजीव कायद्याबाबत आधी वनविभागाला विचारा. माझं मत विचाराल तर थोडे दिवस नीट बघा आणि जिथून आणला तिथेच, ओल्या संध्याकाळी सोडा.

अळ्यांची शेती भेक सांभाळण्याहून सोपी आहे. गुळगुळीत भिंतींचे तीन उथळ प्लास्टिकचे डबे घ्या, झाकणाला बारीक भोकं पाडा आणि तळाशी चार-पाच सेंटिमीटर गव्हाचा कोंडा पसरा. पहिल्या डब्यात भुंगेरे, दुसऱ्यात अळ्या, तिसऱ्यात कोष. मादी कोंड्यात काही शे अंडी घालते. ती चिकट असतात आणि कोंड्याचे कण लागल्याने दिसतही नाहीत. दोन-तीन आठवड्यांनी भुंगेरे चाळून वेगळे करा आणि अंडी असलेला कोंडा दुसऱ्या डब्यात टाका, नाहीतर ते आपलीच अंडी खातात. पुन्हा पुन्हा कात टाकत अळी अडीच-तीन सेंटिमीटरची व्हायला काही महिने लागतात. पाण्यासाठी गाजराची चकती पुरते, बुरशी लागायच्या आत बदला. कोंडा दुकानातून आणलात तर धान्याला औषधी पूड किंवा गोळ्या लावलेल्या नाहीत ना, हे विचारा. एका पिशवीने सगळी वसाहत मरते. पंचवीस ते अठ्ठावीस अंश तापमान त्यांना मानवतं. मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा डबे घरातल्या सगळ्यात थंड खोलीत हलवा, पण कूलरच्या झोतापासून दूर, कारण दमट कोंड्यात बुरशी आणि माइट माजतात. डबे धान्याच्या कोठीजवळ तर मुळीच नकोत. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी चाळताना तोंडाला रुमाल बांधावा.

ही अळी कोरड्या कोंड्यातही तग धरते. हवा पुरेशी दमट असेल, साधारण नव्वद टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या आसपास, तर ती गुदाशयाजवळच्या एका गुंतागुंतीच्या रचनेने चक्क हवेतलं पाणी शोषते. केंब्रिजच्या रॅमसे यांनी १९६४ मध्ये त्या रचनेचा तपशीलवार अभ्यास मांडला. ‘कोरड्यात जगणं’ काय असतं हे मराठवाड्याइतकं कुणाला कळणार!

मीलवर्म थर्माकोल खातात ही बातमी तुम्ही वाचली असेल. २०१५ मधलं चीन आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचं ते संशोधन खरं आहे, आणि त्यांच्या आतड्यातले जीवाणू त्यात भाग घेतात हेही खरं. पण आकडा बघा: शंभर अळ्या दिवसाला ३४ ते ३९ मिलिग्रॅम थर्माकोल संपवतात. म्हणजे एक किलोला त्या शंभर अळ्यांना सत्तर वर्षांहून जास्त काळ लागेल. गणपतीचा मखर त्यांच्या हवाली करायची योजना कुणी आणली तर हा हिशेब पुढे ठेवा. अशा अळ्या भेकालाही घालू नका.

या अळीची खरी कीर्ती वेगळीच आहे, आणि ती सांगायला मला थर्माकोलपेक्षा दहापट जास्त जागा हवी होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलगा की मुलगी हे आईच्या पोषणावर ठरतं असं मोठमोठे जीवशास्त्रज्ञ मानत. पॅट्रिक गेडीस यांनी थॉमसन यांच्याबरोबर १८८९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथातही तेच होतं. पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले ते हेच गेडीस. या मताला तडा दिला नेटी स्टीव्हन्स यांनी. जन्म १८६१, शाळेत शिक्षिका, मग ग्रंथपाल, आणि पस्तिशीच्या सुमारास स्टॅनफर्डला विद्यार्थिनी. त्यानंतर ब्रिन मॉर या स्त्रियांच्या महाविद्यालयात संशोधन, १९०३ मध्ये डॉक्टरेट. १९०५ मध्ये त्यांनी पाच प्रकारच्या कीटकांच्या शुक्रपेशी कशा तयार होतात हे तपासलं. त्यात वाळवी, मावा, घरातलं लहान झुरळ होतं, आणि होती आपली मीलवर्म.

मीलवर्मने उत्तर दिलं. मादीच्या पेशींत २० मोठी गुणसूत्रं, नराच्या पेशींत १९ मोठी आणि एक इवलंसं. अंडपेशी सगळ्या सारख्या, दहा मोठ्या गुणसूत्रांच्या. शुक्रपेशी मात्र दोन तऱ्हेच्या: निम्म्यांत दहाही मोठी, निम्म्यांत नऊ मोठी आणि ते एक छोटं. छोटं गुणसूत्र घेऊन येणाऱ्या शुक्रपेशीपासून नर होतो, दुसरीपासून मादी. त्याच वर्षी एडमंड विल्सन यांनी ढेकणांच्या गटातल्या कीटकांवर स्वतंत्रपणे जवळपास तिथेच पोचणारं काम केलं, पण स्टीव्हन्स यांचं विधान अधिक ठाम होतं. पुढे त्यांनी अनेक जातींच्या भुंगेऱ्यांत आणि माश्यांत ते तपासलं. १९१२ मध्ये, पन्नाशीतच असताना, स्तनांच्या कर्करोगाने त्या गेल्या. गुणसूत्रांच्या आनुवंशिकतेतल्या भूमिकेसाठी १९३३ चं नोबेल टॉमस हंट मॉर्गन यांना मिळालं. ते ब्रिन मॉरमध्ये स्टीव्हन्स यांचे शिक्षक होते. मॉर्गन यांची फळमाशी घरोघरी माहीत झाली. स्टीव्हन्स यांची अळी मागे पडली, आणि मला याचा मनापासून राग येतो.

कारण या शोधाची गरज आपल्याइतकी फार थोड्या समाजांना होती. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरांना या अळीने शंभर वर्षांपूर्वी उत्तर दिलं होतं. माणसातही ते वेगळं ‘वाय’ गुणसूत्र बापाच्या शुक्रपेशीतूनच येतं. तरीही शेजारच्या बीड जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली फक्त ८०७ होत्या, आणि गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केलेला होता. दहावीला आपण सगळ्यांनी ‘एक्सएक्स’ आणि ‘एक्सवाय’ची आकृती काढली. तिच्याखाली स्टीव्हन्स यांचं नाव आणि मीलवर्मचं एक चित्र छापायला किती जागा लागते?

तेव्हा भेक सोडून दिलात तरी डबे ठेवा. कोष तयार झाले की भिंगातून त्यांच्या पोटाकडच्या बाजूचं टोक बघा. शेवटच्या खंडाच्या आधीच्या खंडावर दोन बारीक टोकं असतात: मादीत ती ठळक आणि बाहेर फाकलेली, नरात लहान आणि जेमतेम जाणवणारी. पहिले दहा-पंधरा कोष बघताना गोंधळ होईल, मग डोळा बसतो. शंभर कोष मुलीला मोजू द्या आणि नर-मादी दोन वाट्यांत वेगळे ठेवा. आकडे निम्मे-निम्मे येतील, पण अगदी पन्नास-पन्नास येतीलच असं नाही. का येत नाहीत, हा प्रश्न ती विचारेल तेव्हा आणखी शंभर मोजायला सांगा. मोजलेले कोष भेकाला देऊ नका: ते सरपटत नाहीत, त्यामुळे तो बहुधा खाणारही नाही. ते तिसऱ्या डब्यात ठेवा. साधारण एक-दोन आठवड्यांत पांढुरके भुंगेरे बाहेर येतील, काही दिवसांत काळे पडतील, आणि मग त्यांना पहिल्या डब्यात हलवायचं.